मध्यरेषेजवळची खुर्ची

"आणि खुर्ची?" मुळीक सरांनी विचारलं.

"आहे, सर. तिथंच."

"तिथंच म्हंजे?"

"मध्यरेषेच्या टोकाला, शिरीषाच्या झाडाखाली. तुम्ही ठेवत होता त्याच जागी."

 मांडीवरच्या सुपातली एक शेंग घेऊन सरांनी ती अंगठ्यानं फोडली.

निवास इंगवले वाट बघत राहिला.

कोल्हापूरहून तो मोटरसायकलवर आला होता. गारगोटी ओलांडल्यावर दोनदा रस्ता चुकला. दोन्ही वेळा लोकांनी विचारलं, कुणाकडं, आणि मुळीक मास्तर म्हटल्यावर नुसता हात केला, वर, डोंगराच्या पायथ्याकडं. दुपार कलायला लागली होती. गावाच्या शेवटच्या घरासमोर त्यानं गाडी उभी केली तेव्हा सर ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. दीड वर्षात त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले होते.

"ये," एवढंच ते म्हणाले. का आलास, असं विचारलं नाही.

दाराशी एक वेताची खुर्ची होती. निवास तिच्याकडं वळला.

"तिथं नको," सर म्हणाले. "चटईवर बस."

खुर्चीवर घडी केलेली हिरवी शाल होती. शालीवर चष्म्याचं घर. निवास चटईवर बसला.

मुळीक सर एकोणतीस वर्षं शाळेत खेळाचे शिक्षक होते. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात फुटबॉलचे अकरा कप आहेत, ते सगळे त्यांच्या काळातले. पहिला कप आला त्या संघाचा कप्तान निवास होता. पुढं पोलिसांच्या संघातून खेळला, गुडघा गेला, शिकून खेळाचा शिक्षक झाला, आणि सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याच जागेवर लागला. सरांनीच त्याचं नाव सुचवलं होतं. शेवटच्या दिवशी सर त्याला मैदानाच्या फाटकापर्यंत घेऊन गेले, किल्ली हातात दिली आणि निघून गेले. त्यानंतर ते मैदानावर आले नव्हते. एकदाही नाही.

"मी काहीच बदललेलं नाही, सर," निवास म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "सकाळी साडेपाचला सराव. आधी पाच फेऱ्या. मग टाचेचे पास. तुम्ही करून घेत होता ते सगळं, त्याच क्रमानं. रेषांची पांढरी फक्की मी स्वतः मारतो. शिव्यासुद्धा तुमच्याच देतो."

"त्या तरी नव्या शोधायच्या."

निवास हसला. सर हसले नव्हते.

खुर्चीचं सांगायला त्याला जरा वेळ लागला. लोखंडी, घडीची, उजव्या हाताचा रंग उडालेली ती खुर्ची सर गेल्यानंतर पहिल्या दिवशी कुणीच उचलली नव्हती. निवासनं ती पुसून पुन्हा जागेवर ठेवली. पूर्वी मुलं मैदानात पाय टाकताना वाकून रेषेला हात लावायची आणि तो कपाळाला लावायची. आता आधी खुर्चीला लावायची, मग रेषेला. हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही थांबवलं नाही. त्याला ते आवडलं होतं. दसऱ्याला मुलांनी खुर्चीला हार घातला.

बाहेरच्या मैदानावर सामना असेल तर खुर्ची टेम्पोतून जायची. टेम्पो लहान. खुर्ची मध्ये ठेवली की दोन मुलांना दांडा धरून उभं राहावं लागायचं. मुलांची तक्रार नव्हती. खुर्ची धरायचा मान कुणाचा, यावरून भांडणं व्हायची.

"आणि तू?"

"मी पुढं. ड्रायव्हरशेजारी."

"सामन्यात रं. सामन्यात तू कुठं बसतोस?"

"मी उभा असतो, सर. खुर्चीच्या मागं."

"अख्खी मॅच?"

"होय."

"गुडघा?"

निवासनं चटईवर पाय जरा लांब केला.

तेवढ्यात शेजारची गौराक्का आली. सत्तरीची असेल. हातात ताकाचा तांब्या. ती उंबऱ्यापाशी चौकटीला धरून उभी राहिली.

"हे कोण पावणं, मास्तर?"

"विद्यार्थी हाय."

"एवढा मोठा?"

"नापास झालाय."

गौराक्कानं निवासला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "मास्तर घरातच बसून असतात. न्या की वाईच कोल्हापूरला," ती म्हणाली. मग डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर घेतला, परत डाव्यावर. सुनेच्या माहेरचं काहीतरी सांगायला लागली आणि अर्ध्यावरच थांबली. "उभं ऱ्हावत न्हाई बाई आता. तांब्या मागनं न्हेते." ती भिंतीचा आधार घेत घेत गेली.

सरांनी तिला बस म्हटलं नव्हतं. बसायला ओसरीवर ती एकच खुर्ची होती.

ताक पिऊन झालं.

"किती सामने झाले?" सरांनी विचारलं.

"दोन. दोन्ही हरलो. गुरुवारी गटातला शेवटचा."

"आणि तो गेला तर?"

"पहिल्याच फेरीत बाहेर." निवासनं भांडं खाली ठेवलं. "मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलंय. पहिल्या फेरीत बाहेर पडलो तर फुटबॉल बंद. मैदान आणि सकाळचा तास क्रिकेटला द्यायचा. बावीस मुलं होती, आता चौदा येतात. बाकीची दुसऱ्या शाळांनी नेली. जी राहिलीत त्यांना जायचं नव्हतं म्हणून राहिलीत, सर. त्यांना आता कुठं पाठवू मी?"

सर शेंगा फोडत होते.

"कसं हरलात?"

पहिल्या सामन्याचं त्यानं थोडक्यात सांगितलं. त्यात सांगण्यासारखं नव्हतं. दुसरा मात्र बरोबरीत चालला होता. समोर नदीपलीकडची शाळा. त्यांची मुलं सुरुवातीपासून चिडवत होती. ए, तुमच्या खुर्चीलाच उतरवा की मैदानात. खुर्चीला बूट घातलेत का रं? शेवटची चार मिनिटं राहिली होती. त्यांचा एक पोरगा चेंडू घेऊन डावीकडून सुटला. आडवा जायला एकटा तौफिक होता, निवासचा सगळ्यात भरवशाचा बॅक. त्यानं पुढं जाऊन अंगावर घ्यायचं, की मागं सरकून वाट अडवायची… एवढंच ठरवायचं होतं.

"मग?"

"त्यानं मान वळवली."

"कुठं?"

निवास चटईची एक काडी ओढत राहिला.

"खुर्चीकडं."

बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरली.

"गोल झाला," निवास म्हणाला. "तौफिक रडला नाही. मलाच म्हणाला, सर, चुकून बघितलं. नंतर मला जाणवलं, तो एकटाच नव्हता. ज्याच्या पायात चेंडू यायचा, तो आधी तिकडं बघायचा."

"आणि तू?"

"मी?"

"तो पोरगा सुटला तेव्हा तू कुठं बघत होतास?"

निवासनं हातातली काडी मोडली.

"मी पण, सर."

सरांनी मान हलवली. रागावल्यासारखी नाही. दुखणं कुठं आहे ते बोटानं दाबून कळल्यावर हलवावी, तशी.

मग निवासनं ज्यासाठी आला होता ते सांगितलं. गुरुवारी सरांनी यावं. काही सांगू नये, सराव घेऊ नये, मुलांशी बोलायचीही गरज नाही. फक्त तासभर येऊन त्या खुर्चीत बसावं. तो गाडी घेऊन येईल, संध्याकाळी परत आणून सोडेल.

"नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं."

"त्यानं काय हुईल?"

"तुम्हाला तिथनं सगळं दिसायचं, सर. कोण दमलाय, कोण घाबरलाय, कुणाच्या बुटाची नाडी सुटली. मुलांना ते ठाऊक होतं. सर बघतायत, एवढंच पुरायचं."

सरांनी सूप बाजूला ठेवलं.

"शेवटच्या वर्षी मी काय बघत होतो, ठाऊक हाय तुला?"

"सामना."

"फाटक."

निवासला आधी कळलं नाही. मग कळलं.

सरांच्या पत्नी, सगळ्यांच्या काकू, मध्यंतराला फाटकातून यायच्या. अठ्ठावीस वर्षं. पितळेचा डबा, त्यात गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. फाटकाची कडी वाजली की मुलं पंचांच्या शिट्टीची वाट न बघता तिकडं वळायची, आणि सर ओरडायचे, अजून तीन मिनिटं हायत रं गाढवांनो. सरांच्या निवृत्तीच्या आधीच्या दिवाळीत काकू गेल्या. त्यानंतर सामन्यांचा हंगाम आला. सर प्रत्येक सामन्याला त्या खुर्चीत बसून होते. निवास तेव्हा कोल्हापुरातच दुसऱ्या शाळेवर होता, अंतिम सामना बघायला आला होता. त्याला सर नेहमीसारखेच वाटले होते.

"पण त्या वर्षी कप तर आपण जिंकला, सर."

"पोरांनी जिंकला," सर म्हणाले. "मी फाटकाकडं बघत होतो."

निवासनं खाली बघितलं.  इथवर येताना त्यानं बरंच ठरवलं होतं. हट्ट करायचा, पाय धरायचे, अगदीच झालं तर तौफिकचं नाव घ्यायचं. त्यातलं आता काही उपयोगाचं राहिलं नव्हतं.

"तुम्ही नाही आलात तर मी त्यांना काय सांगू?"

सरांनी सुपातून शेंगदाणे घेतले आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर एकेक करून मांडायला लागले. मागं एक. त्याच्यापुढं चार. मग तीन. मग पुन्हा तीन. एकूण अकरा.

निवासला हे ओळखीचं होतं. मध्यंतरात सर खुर्चीतून उठायचे आणि तिच्याच बैठकीवर काकूंच्या डब्यातले दाणे असेच मांडायचे. मुलं भोवती वाकून बघायची. कुणी कुठं सरकायचं ते दाणे सरकवून सांगायचे. बोलायचे नाहीत फारसं. शेवटी दाणे खाऊन टाकायचे.

"तुमची फायनल," सर म्हणाले. "बाजीरावला कधी काढला?"

"पंधराव्या मिनिटाला. पंचांना ढकललं त्यानं."

"येडंच ते."

सरांनी मधल्या तिघांतला डावीकडचा दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

"मग काय झालं? सांग."

"आम्ही दहा जण राहिलो."

"ते मलाबी ठाऊक हाय. काय झालं?"

निवासनं आठवून आठवून सांगितलं. वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी ते सगळं आठवत होतं. बाजीराव बाहेर गेला आणि पुढची वीस मिनिटं संघ त्याच्याशिवाय खेळलाच नाही. डावीकडची त्याची जागा सगळ्यांनी तशीच ठेवली. कुणी तिकडं सरकेना. सवयीनं चेंडू तिकडंच जायचा आणि रेषेबाहेर घरंगळायचा. लोक हसायचे. तीनदा झालं तसं.

"त्यातले दोन पास माझे होते," तो म्हणाला. "तिथं कुणी नाही हे मला ठाऊक होतं, सर. तरी पाय तिकडंच वळायचा."

सर तोंडातला दाणा चावत होते.

"मग मध्यंतराला तुम्ही खुर्चीवर दाणे मांडले. दहाच. आणि काहीच बोलला नाहीत. बाजूला जाऊन काकूंशी बोलत उभे राहिलात. आम्हाला राग आला होता तुमचा."

"आता?"

"आता काय, सर?"

"मांडलेत की. आता काय करशील?"

निवास पुढं वाकला. थोडा वेळ त्यानं नुसतं बघितलं. मग मधल्या दोघांतला एक दाणा डावीकडं सरकवला, बोटभर. मागच्या चारातला एक वर घेतला. पुढचा एक खाली आणला. बाकीच्यांना त्यानं थोडा थोडा धक्का दिला. हात आपोआप चालला होता. वीस वर्षांपूर्वी हे असंच झालं होतं. मध्यंतरानंतर ते दोन गोल करून जिंकले होते.

"बाजीरावाची जागा कुठं हाय ह्यात?" सरांनी विचारलं.

निवासनं शोधली. सापडेना.

"नाही, सर."

"गेली कुठं?"

"गेली नाही…" तो थांबला. "थोडी थोडी सगळ्यांकडं आहे."

सर त्या दहा दाण्यांकडं बघत राहिले. ते आपण मांडलेत हे विसरल्यासारखे. आता कुणी दुसऱ्यानंच त्यांच्यापुढं मांडून ठेवले असावेत, आणि काही न बोलता बाजूला जाऊन उभं राहिलं असावं, असे बघत राहिले.

निवासनं मान वर केली. त्याच्या मनात काही नव्हतं. नजर मात्र दाराकडं गेली. हिरवी शाल. चष्म्याचं घर. उन्हाचा एक पट्टा खुर्चीच्या पायापर्यंत आला होता.

त्यानं चटकन नजर काढून घेतली. पण सरांनी ती कुठं गेली होती ते पाहिलं होतं.



भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. सरांचे हात मांडीवर उपडे पडले होते. शेंगांच्या मातीनं बोटं तांबडी झाली होती. निवासला वाटलं, आपण उठावं. न सांगताच निघून जावं. पण गुरू बसलेला असताना उठायचं कसं, म्हणून तो तसाच राहिला.

अंगणात पावलं वाजली. गौराक्का तांब्या न्यायला आली होती. चौकटीला धरून ती उभी राहिली.

"झालं का ताक पिऊन पावण्याचं?"

सर उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. त्यांनी चष्म्याचं घर उचललं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. शाल उचलली. घडी होतीच तिची, तरी ती उलगडून त्यांनी पुन्हा नीट घातली, एका कोपऱ्यावर दुसरा कोपरा, आणि आत जाऊन ठेवून आले. येताना हातात फडकं होतं. खुर्चीची बैठक पुसली. तिचे हात पुसले.

"आक्का, बस."

गौराक्कानं खुर्चीकडं बघितलं. मग सरांकडं.

"ऱ्हाऊ दे, मास्तर. मी काय, तांब्या न्यायला आले."

"बस गं."

ती दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली. वेत करकरला. तिनं पाय थोडे लांब केले आणि गुडघ्यांवरून हात फिरवला. समोर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हितनं रस्ता दिसतोय की सगळा."

"व्हय," सर म्हणाले. "दिसतोय."

ते चटईवर येऊन बसले, निवासच्या शेजारी. जमिनीवरचे दाणे गोळा केले. पाच त्याच्या हातावर ठेवले, पाच गौराक्काला दिले. तिला दात नव्हते. तिनं ते पदराला बांधले. मग अर्ध्यावर राहिलेलं सुनेच्या माहेरचं सांगणं पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी शेवटापर्यंत नेलं.

ऊन ओसरीवरून उतरलं. निवासला अंधाराआधी गारगोटी गाठायची होती. त्यानं उठून सरांच्या पायांना हात लावला. सर त्याच्याबरोबर गाडीपर्यंत आले.

गाडी सुरू करून त्यानं ती पुन्हा बंद केली.

"सर, मग गुरुवारी…"

"टेम्पो सांगितलास?"

"होय. आठला निघणार."

"चौदाच्या चौदा पोरं बसतील त्यात?"

"खुर्ची नसली तर बसतील."

सरांनी मागं वळून घराकडं बघितलं. गौराक्का अजून दाराशी बसली होती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी तिनं हाक मारली आणि ते माणूस अंगणाकडं वळलं.

"निवास."

"सर?"

"रविवारी ती खुर्ची इकडं आणून दे. इथं बसायला जागा कमी पडालीया."